रुमालाखालचा कॉम्प्युटर

आमच्या घरात फुकट आलेल्या वस्तूला आधी उंबऱ्याबाहेर ठेवायची रीत होती. कुणी वानवळा म्हणून पाच वांगी आणून दिली तरी आप्पा ती दुकानाच्या पायरीवर ठेवायला लावत. देणाऱ्याचं नाव, गाव, त्याचं आपल्याकडे काय अडलंय, ह्याचा विचार पुरता झाला की मगच वांगी चुलीकडे जात. तोवर ती सुरकुतलेली असत. माय कुरकुरायची, पण आप्पांचं म्हणणं असं की सुरकुतलेलं वांगं परवडतं, देणाऱ्याचं ओझं परवडत नाही. लोक म्हणतात धर्माच्या गायीचे दात बघू नयेत. आप्पा म्हणत, दात बघायचे ते धर्माच्याच गायीचे, विकतची गाय तर आपण बघूनच आणलेली असते. तेव्हा माझे थोरले मेहुणे, मन्मथ भाऊजी, औरंगाबादहून एसटीच्या टपावर टाकून माझ्यासाठी जुना कॉम्प्युटर घेऊन आले, आणि "काही द्यायचं न्हाई, आमच्या हापिसानं मोडीत काढलाय" असं म्हणाले, त्या क्षणी त्या खोक्याचं नशीब ठरलं. ते पायरीवर बसलं. येणारे-जाणारे हमाल त्याला वळसा घालून पोती आत नेऊ लागले.

पाटोद्याच्या बाजारपेठेत आमचं भुसाराचं दुकान होतं. पुढे दुकान, त्यावर पत्रा, मधे कुडाची भिंत असावी तसा जाड कापडी पडदा, आणि मागे आमचं घर. त्यामुळे दुकानातलं सगळं घरात ऐकू यायचं आणि घरातलं दुकानात. काट्याची साखळी वाजली की मायला कळायचं माल उतरला; मायची भाकरी थापण्याची थपथप थांबली की आप्पांना कळायचं जेवण तयार झालं. सकाळी आप्पांची लिंगपूजा आटपली, कपाळाला भस्माचे तीन पट्टे लागले, की ते गादीवर येऊन बसत आणि खांद्यावरचा भलामोठा विटका रुमाल मांडीवर टाकत. ह्या रुमालाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सरकारी आवारात लिलाव उघडा चालायचा, पण बैलाचा, बियाण्याचा, घरगुती मालाचा सौदा आप्पा जुन्या रीतीनंच करत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. पाच जण भोवती उभे असले तरी काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. रुमाल उचलला की सौदा झाला, आणि रुमालाखालचं पुन्हा तोंडानं बोलायचं नाही, बायकोजवळसुद्धा नाही. बाईचा हात त्या रुमालाखाली कधी गेल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. आणि समोरच्यानं पहिल्यांदा दाबलेल्या बोटांवर आप्पा कधी एकही बोट चढत नाहीत, अशी त्यांची सबंध पेठेत ख्याती होती.

मी तेव्हा बारावी होऊन बसले होते. मधे काही महिने बीडला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा क्लास केला होता. त्या काळात असे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. जिन्याखाली दोन टेबलं मावली की झाला क्लास. मला ते आवडलं, आणि आवडलं एवढंच नाही तर जमलं. पाटोद्यात असा एकही क्लास नव्हता. मुलींच्या शाळेच्या घोडके बाई म्हणत होत्या की कुणी शिकवणारं मिळालं तर शाळेच्या मुली पाठवीन. मला वाटलं, ती शिकवणारी मीच. पण त्याच वेळी धर्मापुरीचं एक स्थळ चालून आलं होतं. घरचं किराणा दुकान, विहिरीवरची शेती, मुलगा शिकलेला, आणि मागणं काहीच नाही. "त्यांना काय नको, नुसती पोरगी द्या म्हनत्यात," असं मध्यस्थ सांगून गेला. मायला आनंदानं घरात जागा पुरेना. आप्पांच्या कपाळाला मात्र आठी पडली. न मागणारं स्थळ त्यांनी पाहिलंच नव्हतं. एकीकडे पायरीवर फुकटचा कॉम्प्युटर आणि दुसरीकडे दाराशी फुकटचा जावई, आप्पांची झोपच उडाली.

"जावईबापू," आप्पा भाऊजींना म्हणाले, "तुमच्या हापिसानं ह्ये काहून टाकलं?"

"नवीन आले, आप्पा. रंगीत. ह्यो जुना झाला, त्येच्यात नवीन काही चालत न्हाई."

"मंग गिरीनं त्येच्यावर काय चालवायचं?"

"जुनंच."

"आन् जुनं चालत असतं तर हापिसानं टाकलं असतं का?"

भाऊजी हसले. ते गोड माणूस होते, आणि आप्पांना गोड माणसांचा फार संशय. माझ्याकडे वळून भाऊजींनी खरी गोष्ट हळूच सांगितली. डबा आतून अर्धा रिकामा होता. ज्याच्यावर सगळं साठवून ठेवतात ती आतली मोठी तबकडी हापिसानं काढून घेतली होती. आता जे काही चालवायचं ते फ्लॉपीवरून. आणि एका फ्लॉपीवर मावेल तेवढंच. त्यांनी मला दोन काळ्या, चौकोनी, वाकणाऱ्या फ्लॉप्या दिल्या. एकीवर डॉस होतं, म्हणजे कॉम्प्युटरला जागं करणारी आणि आपलं म्हणणं त्याला ऐकवणारी यंत्रणा. दुसरी कोरी होती. माय त्यांना पापड्या म्हणू लागली, आणि घरात शेवटपर्यंत तोच शब्द राहिला.

खोकं अखेर आत आलं ते चांगला तीन पिनांचा प्लग फक्त दुकानात होता म्हणून. आप्पांच्या गादीमागे, बाजरीच्या थप्पीशेजारी, मी टेबल लावलं. बटण दाबलं की आधी पंखा घोंघावायचा, मग हिरवे आकडे भराभर चढायचे, मग एकदाच टुक् असा आवाज, आणि मग पापडीच्या खाचेतून घर्र घर्र असं दळण सुरू व्हायचं. ते दळण मला अजून ऐकू येतं. शेवटी काळ्या पडद्यावर एक हिरवं अक्षर, आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. ना चित्र, ना रंग. पण बीडच्या क्लासात त्या रेघेपुढे बसायला नंबर लावावा लागायचा, आणि इथं ती एकट्या माझी वाट बघत होती.

अडचण जागेची होती. पापडीवर भाऊजींच्या हापिसानं नाही नाही ते भरून ठेवलेलं होतं, आणि मला माझे प्रोग्रॅम त्याच पापडीवर ठेवायचे होते. काहीतरी काढणं भाग होतं. मी कोऱ्या पापडीवर त्याची नक्कल केली, मूळ पापडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात लपवली, आणि नकलेवरची यादी पडद्यावर काढली. आप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण एका खाली एक नावं दिसली की ती माणसं आहेत एवढं त्यांना कळायचं.

"हे कोन?" त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"हे छपाईचं काम बघतंय."

"आपल्याकडं छपाई हाय?"

"न्हाई."

"मंग कशाला पोसायचं? काढ. ह्यो?"

"ह्यो परदेशातल्या तारखा लावतो."

"काढ. ह्यो?"

"ह्याचं काम मला ठाऊक न्हाई, आप्पा."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अनोळखी माणसाला गल्ल्याजवळ बसू दिलं. "ज्याचं काम सांगता येत न्हाई त्याला दुकानात बसू द्यायचं न्हाई," ते म्हणाले. "आधी काढ."

असं आमचं दुपारचं काम होऊन बसलं. बाजार थंडावला, हमाल पोत्यांवर आडवे झाले, की आप्पा तपकिरीची चिमूट ओढत मागे येत आणि एकेकाची झडती घेत. मी नाव वाचायची, काम सांगायची, नसेल तर पुसून टाकायची, मग बटण बंद करून परत चालू करायची. चाललं तर तो माणूस फालतूच होता. एकदा आम्ही जोशात एकाला काढलं आणि यंत्रानं उठायलाच नकार दिला. हुकूम घेणारा जागेवर नाही, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहून गप्प बसलं. मी आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हंजे ह्यो मुनीम," ते म्हणाले. "मुनिमाला काढून चालायचं न्हाई. परत बोलाव त्याला." डाळीच्या डब्यातली पापडी काढून मी मुनिमाला परत आणलं.

एका दुपारी मात्र हिशेब जुळेना. जेवढी नावं दिसत होती त्यांनी अडवलेली जागा, आणि एकूण गेलेली जागा, ह्यांत फरक होता. पापडी तपासणारा एक छोटा हुकूम होता, तो दिला तर त्यानं बिनदिक्कत सांगितलं की दोन फाइली लपलेल्या आहेत. यादीत नसलेले दोघं इतके दिवस आत बसून होते! आप्पांनी तर तपकिरीची डबीच खाली ठेवली.

"लपलेत म्हंजे? कुनी लपवलंय?"

मी पेठेतल्या टेलिफोनच्या टपरीवरून भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, त्या दोघांना हात लावू नको, यंत्राला पहिला श्वास तेच देतात, चुकून कुणी पुसू नये म्हणून झाकून ठेवलेत. मी येऊन आप्पांना तसंच सांगितलं. आप्पांनी त्या काळ्या पडद्याकडे बोट केलं. "म्हंजे खरे मालक तेच," ते म्हणाले. "मालक कदी गल्ल्यावर दिसत न्हाई." त्या दिवसापासून त्या कॉम्प्युटरबद्दल त्यांच्या मनात पहिल्यांदा थोडा आदर दिसू लागला. शेवटी पापडीवर उरले ते झाकलेले दोघं मालक, एक मुनीम, प्रोग्रॅम लिहायचा एक जण आणि माझं स्वतःचं काम. यात्रेला निघालेल्या माणसाच्या गठुड्यात असतं तेवढंच.

परवा भाचीच्या नव्या लॅपटॉपवर मी तिला विचारलं, ह्याच्यात आत काय काय चालू आहे? तिनं एक यादी उघडली. ती खाली खाली सरकवत गेली, यादी संपेना. "ह्यातल्या किती जणांचं काम तुला ठाऊक आहे?" म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही. एवढी अनोळखी माणसं घरात घेऊन ही पोरं झोपतात कशी, हेच मला कळत नाही.

तर घोडके बाईंनी यंत्र बघायला यायचं ठरवलं. आप्पांनी आदल्या आठवड्यात मला गादीजवळ बोलावून साफ सांगितलं, "बाईंच्या म्होरं ह्ये न अडकता चालवून दाव. चाललं तर पोरी शिकाया येतील, मी धर्मापुरीच्यांना थांबा म्हनतो. न्हाई चाललं तर मंग तुझी माय म्हनती तसं सुपारी फोडून टाकू." बोलणं सरळ होतं. माझं पुढचं सगळं त्या पापडीवर होतं. मला शिकवायचं होतं, आणि ज्या घरात कुणाला काहीच नको आहे तिथं जायची मला आप्पांपेक्षाही जास्त भीती वाटत होती.

बाईंना दाखवायला मी पाढे लिहिले. साधे नाहीत; पावकी, निमकी, दिडकी, आणि औटकी, म्हणजे साडेतीनपटीचा पाढा. ते पाढे आप्पांना तोंडपाठ होते आणि शाळेतल्या पोरींना ठाऊकही नव्हते. आकडा टाकला की यंत्र उत्तर द्यायचं. आप्पांनी अर्थातच परीक्षा घेतली. "तेराची औटकी?" मी तेरा टाकले. आप्पा डोळे मिटून पुटपुटले, "साडेपंचेचाळीस," आणि डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. तिथंही तेच होतं. "कुनी सांगितलं त्याला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं मी सांगितलं. "मंग तुला येती का औटकी?" मला येत नव्हती. आप्पांना ह्याचा अर्थ लागेना, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी समोरच्या सोमनाथ शेठला दुकानाच्या पायरीवरच थांबवून बोलणं केलं, आत येऊ दिलं नाही. सोमनाथ शेठ आप्पांचा जुना दोस्त, तेवढाच जुना वैरी. आमच्याकडे नवीन काटा आला की आठवड्यात त्याच्याकडे यायचा.

आणि नेमकं तेव्हाच यंत्र अडकायला लागलं. ते सकाळी ठणठणीत चालायचं. मी जरा कुठं रंगात आले की मायची हाक यायची, "गिरे, पीठ मळून दे," किंवा "येसर भाजून झालं का बघ, करपाया लागलंय." बंद केलं तर सगळं पुन्हा भरावं लागेल म्हणून मी यंत्र चालूच सोडून आत जायची. भाजलेल्या येसराच्या मसाल्याचा खमंग वास नाकात, हाताला पीठ, आणि परत येऊन बघते तो हिरवी अक्षरं जागच्या जागी गोठलेली. कुठलंही बटण दाबा, हूं नाही की चूं नाही. तासाभराचं काम पाण्यात. थोड्या वेळानं पुन्हा चालू करावं तर चालायचं, आणि पुन्हा मी आत गेले की पुन्हा तेच. मी असताना सहसा अडकत नव्हतं. मी उठले की अडकत होतं. ह्याचा अर्थ काय होतो ते आमच्या घरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आप्पा म्हणाले, जावयानं फुटकं मडकं गळ्यात मारलं. मायनं नजर काढली, मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या, आणि लिंबागणेशाच्या गणपतीला नारळ बोलला. पण तिच्या तोंडावरून मला वाटलं, नवस यंत्र बंद पडावं म्हणूनच असेल. माझा पहिला संशय तिच्यावरच होता. बरोबर यंत्र चालू असतानाच हाक मारायची म्हणजे काय? मग मी बटणांवर कणकेचा हलका थर भुरभुरून ठेवला, कुणाचे हात लागतात ते बघायला. आतून परत आले तर कणीक जशीच्या तशी, बटणांना कुणी शिवलेलं नाही. पण डबा तव्यासारखा तापलेला, आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर बारीक तांबूस पूड. बोटाला लावून हुंगली आणि मला शिंक आली. तपकीर. आमच्या घरात तपकीर एकच माणूस ओढायचा.

मग मला सगळं उलगडल्यासारखं झालं. आप्पांना मनातून धर्मापुरीच हवी होती. तोंडानं अट घालायची आणि मागून यंत्र मोडायचं. तोंडानं पाऊसपाणी, रुमालाखाली भाव. मी त्यांना काही बोलले नाही, कारण आमच्याकडे संशय आला की बोलायचं नसतं, पाळत ठेवायची असते. पण रात्री जेवताना त्यांनी माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली, तेव्हा मी ती ताटाच्या कडेला सारली. मला त्या माणसाचा एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता. आपल्या बापानं आपल्याला विकायला काढलं असतं तर एक वेळ चाललं असतं, असं वाटलं. हा तर फुकट देत होता.

बाई आल्या तो बाजाराचा दिवस होता. ऊन असं की पत्रा तडतडत होता. मी सकाळपासून खुर्चीला चिकटून बसले होते. मायनं आतून हाक मारली, "गिरे, बाईंना च्या कर." मी म्हटलं, "तूच कर, मी उठनार न्हाई." ती पडद्यातून डोकावून बघतच राहिली. बाई शेजारी स्टुलावर बसल्या, जाड भिंगाच्या चष्म्यातून पडद्याकडे बघत. त्या शिस्तीच्या बाई, सहज कशाला बऱ्या म्हणणाऱ्या नव्हेत. "बीडला तर चित्रं असतात यात," त्या म्हणाल्या. "यात काहीच दिसत नाही." मी पाढे सुरू केले. पावकी चालली, निमकी चालली. आप्पा गादीवर पाठ करून बसले होते, पण त्यांचे कान मागे होते हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. "काय बे काशिनाथप्पा! गर्दी कशाची हाय?" सोमनाथ शेठ जोडे काढून आत येत होता. आणि आप्पा उठले. इतक्या चपळाईनं उठलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. दोन पावलांत टेबलाशी आले, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि सगळ्या यंत्रावर टाकला, पडद्यापासून मागच्या पंख्यापर्यंत. रुमालाची कडा त्यांनी डब्याखाली नीट खोचलीसुद्धा. तपकिरीचा भपकारा आला. मग ते तसेच वळले, रुमालावर एक हात ठेवून, आणि सोमनाथ शेठला म्हणाले, "काय न्हाई. ऊन लई हाय न्हाई का औंदा?"

मी ओरडले. बाईंसमोर, शेठसमोर ओरडले. "आप्पा! रोज तुमीच झाकता का हे?"

"तू आत गेलीस की झाकतो. तू आली की काढतो," ते म्हणाले, जणू मी विचारलं होतं दिवा कोण मालवतं. "उघडं कसं ठिवायचं? समोरचे बघत्यात. उद्या तुझ्या औटक्या त्याच्या दुकानात चालतील."

"अहो, आत पंखा हाय. झाकलं की त्याचा जीव गुदमरतो. त्यानंच अडकतंय ते!"

आप्पा गोंधळले. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आतल्या दोघा मालकांनाबी झाकूनच ठिवलंय की," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हनलं, कामाचं ते झाकतात. तुझं काम कामाचं दिसलं म्हनून झाकलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या घरात कुणी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नव्हतं. ते झालं तर असं होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. मला रडू येत होतं आणि हसू येत होतं, आणि दोन्ही बाईंसमोर करता येत नव्हतं.

रुमाल ओढून काढला तर अक्षरं गोठलेलीच होती. सकाळपासूनचं ऊन, त्यात हे पांघरूण. बाई उठायच्या बेतात होत्या. मी बटण बंद केलं. मायनं न सांगता आतून सूप आणलं आणि डब्यामागे उभी राहून धान्य वारवावं तसा वारा घालू लागली. नारळ बोललेली माझी माय. सोमनाथ शेठला आप्पांनी हाताला धरून पायरीपर्यंत नेलं आणि उन्हात उभा केला. डबा हाताला सोसवू लागला तेव्हा मी बटण दाबलं. आकडे चढले, टुक् झालं, पापडी दळायला लागली आणि लगेच थांबली. एवढंसंच होतं तिच्यावर. रेघ लुकलुकली.

"उठलं?" बाई म्हणाल्या. "एवढ्यात? आमच्या मेहुण्यांच्या ऑफिसातला तर बंद पडला की अर्धा दिवस माणसाची वाट बघतो."

"ह्याच्यात पाचच जणं आहेत, बाई," मी म्हटलं. "पाचही जणांचं काम मला ठाऊक आहे. मुलींनाही एकेकाचं सांगेन. ज्याचं काम सांगता येत नाही असं ह्याच्यात मी काही ठेवलेलं नाही."

बाईंनी चष्मा पुसला. मग त्यांनी आप्पांना विचारलं, "तुमच्या मते हे चालेल का?" आणि आप्पा, ज्यांनी आयुष्यात कुठल्या मालाची परक्यासमोर स्तुती केली नाही, ते म्हणाले, "सतराची औटकी इचारा." बाईंना औटकी येत नव्हती. मी सतरा टाकले. साडेएकोणसाठ, आप्पा आणि यंत्र बरोबरच बोलले. बाई म्हणाल्या, शाळा उघडली की पहिल्या पोरी पाठवते, मात्र दुकानात नको, मागच्या खोलीत शिकवायचं. माय लगेच खोली दाखवायला त्यांना आत घेऊन गेली.

सोमनाथ शेठ उन्हाला कंटाळून निघून गेला होता. दुकानात आम्ही दोघंच उरलो. आप्पा गादीवर जाऊन बसले. तपकिरीची चिमूट घेतली. मग रुमाल मांडीवर पसरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात आन."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि खरं वाटेना. मी गादीच्या कडेला बसले आणि रुमालाखाली हात घातला. आतून त्यांचा हात आला. धान्यात बुडवून बुडवून राठ झालेला, कोरडा, गरम. मी तो शेवटचा धरला असेल तो जत्रेत हरवू नये म्हणून, लहानपणी.

"औंदा बाजरीचा पेरा लई व्हईल," आप्पा मोठ्यानं, रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले. आणि मग अगदी खाली, "धर्मापुरीच्यांनाच न्हाई, कुनालाबी. किती वर्सं थांबा म्हनू?"

मी बोटं दाबली. मनात होती त्याहून एक कमीच दाबली; जास्त मागितलं तर समोरचा हातच काढून घेईल, कारण समोर कोण आहे ते मला ठाऊक होतं. पहिल्या बोटावर न चढणारा माणूस. आता ते खाली येणार, मग मी धरून बसणार, मग मधे कुठंतरी. आप्पांनी मी दाबलेली बोटं मोजली आणि उलट माझी दाबली. मी मागितली होती त्याहून एक जास्त. मला वाटलं चुकले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते, प्रत्येक सौद्यात बघायचे तसे. औटकी न चुकणारा माणूस पाच बोटांत चुकेल कसा?

"झालं?" ते म्हणाले.

"झालं."

त्यांनी रुमाल उचलून खांद्यावर टाकला. पडद्याआडून मायनं विचारलं, "काय ठरलं वं?" आप्पा म्हणाले, "इचारायचं नसतंय." ती पुढे किती वर्षं विचारत राहिली; कधी मला, कधी त्यांना, पुढे आप्पा गेल्यावर पुन्हा मला. धर्मापुरीचे काही थांबले नाहीत, तो त्यांचा प्रश्न. किती बोटं होती ते मी मायला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. एक जास्त होतं एवढं सांगितलं, तेही खरं तर सांगायला नको होतं. पण ते एक बोट मला फुकट मिळालेलं होतं, आणि आमच्या घरात फुकट आलेली तेवढी एकच वस्तू मी उंबऱ्याबाहेर न ठेवता तशीच आत घेतली.